सॅं-बेआ: संगमरवराच्या गावात एक रात्र (५ पैकी साडेतीन)

आम्ही फ्रान्समधे तुलूजला राहतो. इथल्या सॅं-रेमों म्युझियममधे हर्क्युलिसच्या पराक्रमांची रोमन शिल्पं आहेत, मार्त्र-तोलोझानजवळच्या शिरागां नावाच्या रोमन वाड्यात सापडलेली, आणि त्यांचा दगड सॅं-बेआचा म्हणे. नकाशात बघितलं तर गाव पिरेनीज डोंगरांमधे स्पेनच्या बॉर्डरजवळ, गाडीने साधारण दीड तास. मग काय, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी निघालो.

गाव म्हणजे दोन्हीकडे उभे कडे, मधून गारोन नदी आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत घरं. स्पेनकडून येणारी वाट इथेच अडवता येते म्हणून याला फ्रान्सची किल्ली म्हणायचे. ऊन मात्र लवकर जातं, चार वाजताच स्वेटर घालावा लागला.

मकराना, ताजमहाल वगैरे डोक्यात ठेवून जाल तर हिरमोड होईल. चकचकीत असं काही नाही. हा संगमरवर जाड रव्याचा, पांढरा नाहीतर करडा, ताज्या तुटलेल्या कडेला बघा, साखरेसारखा चमकतो, मी तर बोट लावूनच बघत होते आणि नवरा लाजत होता. खाणी रोमन काळापासूनच्या. आम्ही त्या रस्त्यावरूनच बघितल्या, डोंगराला सुरीने कापल्यासारख्या सरळ भिंती. आणि हीच गारोन पुढे मार्त्रवरून आमच्या तुलूजला येते, म्हणजे दगड आणि आम्ही एकाच नदीकाठचे!

राहायची खोली छान, स्वच्छ, खिडकीखालून रात्रभर पाण्याचा आवाज. घरमालकीण आजींनी जून २०१३ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवलं, हात त्यांच्या डोक्याच्या वर होता. तेव्हापासून तळमजल्यावर लाकडी कपाट ठेवत नाहीत म्हणाल्या.

दीड मार्क कापला तो जेवणाचा. रविवारी सगळं बंद, शनिवारी जिथे गेलो तिथे शाकाहारी म्हटल्यावर बकरीच्या चीजचं सॅलड आणि वर वेटरचा चेहरा. ठेपले न्या सरळ.

अजून एक, पॅरिस मेट्रोच्या तीन नंबर लाईनचं शेवटचं स्टेशन गालिएनी माहितीय ना, ते ज्याच्या नावाचं तो सेनापती १८४९ मधे याच गावात जन्मला.

आणि बूट चांगल्या ग्रिपचे घाला. आमच्या खोलीचा उंबरा संगमरवरी होता, पाऊस पडला की नुसता साबण.