गिअरबॉक्सचं ब्लँकेट: होळी ते दिवाळी वापरल्यानंतर

गाडी मस्टँग जीटी, २०१६ चं मॉडेल, पाच लिटर व्ही८, मूळची ४०१ पीएस. इंजिनात जास्त हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवल्यावर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, आकडा सहाशेच्या पुढे गेला आणि जो तो विचारायला लागला, गिअरबॉक्स टिकेल का? फक्त बाबा म्हणाले, "अरे, टिकला नाही तर तुझ्या पायांचं काय?" मी गप्पच झालो. कारण टनेलचा, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या फुगवट्याचा पत्रा माझ्या गुडघ्याला लागून आहे आणि त्याच्या पलीकडेच सगळं फिरतंय. म्हणून ब्लँकेट घातलं, गिअरबॉक्स फुटला तर तुकडे अडवणारं जाड, मजबूत कापडाचं आवरण.

अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सचं माहीत असेल बऱ्याच जणांना, ८ मार्च १९७०, कॅलिफोर्नियातली लायन्स ड्रॅग स्ट्रिप, स्टार्टलाच ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स फुटला आणि उजव्या पायाचा काही भाग गेला. १९७१ मध्ये तो इंजिन पाठीमागे असलेली गाडी घेऊन आला आणि जिंकला. टर्बो ४०० या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये बर्नआउट करताना (टायर जागेवर फिरवून तापवताना) स्प्रॅग, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारा क्लच, गेला की आतला डायरेक्ट ड्रम इंजिनपेक्षाही कितीतरी जास्त वेगाने फिरतो आणि फुटतो, केसिंग ॲल्युमिनियमचं, ते काय अडवणार. माझा फोर्डचा सिक्स आर ८० ऑटोमॅटिक वेगळा आहे, पण फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिनला गिअरबॉक्सशी जोडणारी फिरती चकती, यालाही आहेच ना. तीही फुटू शकते.

यात बेलहाउसिंग, म्हणजे इंजिनला जोडणारं पुढचं कवच, केसिंगबरोबर एकाच ओतकामात येतं, म्हणजे वेगळं स्टीलचं बेलहाउसिंग घालायचा प्रश्नच नाही. म्हणून फ्लेक्सप्लेटवर बाहेरून संरक्षक पट्टा, एसएफआय ३०.१ चा (एसएफआय म्हणजे रेसिंगच्या सुरक्षा साहित्याची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था), आणि मागच्या बॉडीला एसएफआय ४.१ चं ब्लँकेट. त्याआधी वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून) जाड पत्रा वाकवून आणला होता, स्वस्तात. दोन आठवड्यांत क्रॉसमेंबरवर, म्हणजे गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर, खडखडायला लागला, काढून बघतो तर एका बोल्टचं भोक लांबट झालेलं. बोल्ट जर इंजिनच्या नुसत्या थरथरीला दमतो तर फुटलेला ड्रम काय अडवणार? टेस्ट न झालेलं काही लावू नका, कळकळीने सांगतोय.

ब्लँकेटचा त्रास एकच, उष्णता. मे महिन्यात अलकापुरीच्या ट्रॅफिकमध्ये ट्रान्समिशन ऑइल ९४ वरून १०६ डिग्रीवर गेलं, मग वेगळा ऑइल कूलर घातला तेव्हा कुठे ९० च्या आसपास आलं. म्हणून कूलरचा खर्च ब्लँकेटच्या किमतीतच धरा. आणि ऑइल लेव्हलचा प्लग एक्झॉस्टच्या बाजूला आहे, दर वेळी ब्लँकेटचे पट्टे सोडायचे, पाइप गरम असेल तर हात भाजलाच समजा.

पावसाळ्यानंतर गाडी लिफ्टवर घेतली. बकलांवर गंज, आणि एक्झॉस्टच्या बाजूला तळहाताएवढा भाग तपकिरी, बोटाने दाबला तर ऑइल वर आलं. कूलरची लाइन एका फिटिंगपाशी पाझरत होती आणि ब्लँकेट ते गुपचूप पीत होतं. ब्लँकेट नसतं तर गॅरेजच्या फरशीवर डाग दिसला असता. एक्झॉस्टच्या शेजारी ऑइलने भिजलेलं कापड म्हणजे संरक्षण नव्हे, आगीला आमंत्रण. त्याच दिवशी काढून टाकलं.

ड्राइव्हशाफ्ट लूपही घाला, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा तुटला तर त्याला धरून ठेवणारं कडं, पुढच्या यू-जॉइंटपासून (दांड्याच्या पुढच्या सांध्यापासून) सहा इंचांच्या आत, तो लावल्यापासून काहीच तक्रार नाही.

ब्लँकेट परत तेच मागवलंय. ते येईपर्यंत गाडी झाकून उभी आहे. या वेळी आधी एक्झॉस्टला हीट शील्ड, मग ब्लँकेट, आणि दर महिन्याच्या एक तारखेला खाली वाकून बोट लावून बघायचं, ते बाबांनी कॅलेंडरवर लिहूनच ठेवलंय.