दिंडोरी रोडवरचा पोल्ट्री दवाखाना: चार तारे

नाशिकला मार्केट यार्डाच्या पुढे औषध दुकानामागच्या खोलीत एक डॉक्टर मॅडम कोंबड्यांचं पोस्टमॉर्टेम करून देतात. मोहाडीला आमचं ब्रॉयलरचं शेड. या बॅचला दुसऱ्याच आठवड्यात पिल्लं लहान-मोठी दिसू लागली. काही तर मुठीत मावतील एवढीच, पंखाची पिसं वाकडीतिकडी फाकलेली. विष्ठा पाणचट, नारिंगी, आणि तिच्यात मक्याची कणी जशीच्या तशी. गावात जो तो म्हणे, अँटिबायोटिक पाजा.

मॅडमनी खुरटी पिल्लं मागवलीच, शिवाय तुलनेला एक धडधाकटही. खुरट्याचं आतडं फिकट, फुगलेलं, भिंत इतकी पातळ की आतलं खाद्य बाहेरून दिसत होतं. आतड्याला आतून बारीक लव असते, अन्नरस तीच शोषते. रोटा, अ‍ॅस्ट्रो, रिओ असले विषाणू आतड्याच्या या आतल्या थरावरच घाव घालतात. लव झडली की पाचकरस कमी पडतात, न पचलेलं खाद्य पुढे सरकताना पाणी ओढून घेतं आणि खालच्या जंतूंची चंगळ होते. खाद्याचं बिल तेवढंच, वजनाच्या नावाने शिमगा!

नेमका कोणता विषाणू, ते पीसीआरशिवाय, म्हणजे विषाणूची जनुकं शोधणाऱ्या लॅबच्या तपासणीशिवाय, कळत नाही. नमुना बाहेर जातो, खर्च वेगळा. उपचार त्याने बदलणार नव्हता, म्हणून मी नको म्हटलं.

विषाणूला अँटिबायोटिक लागू पडत नाही, हे औषधांच्या दुकानातच ऐकायला मिळालं, याचे तीन तारे. शेडमध्ये खाली अंथरलेलं ओलं तूस काढून कोरडं टाका, ऊब 29-30 अंशांखाली जाऊ देऊ नका, खुरटी वेगळी करा, एवढंच सांगितलं. लव पुन्हा येते, पण मागे पडलेलं पिल्लू बरोबरी गाठेलच असं नाही, हेही तोंडावर. खरं काम बॅच गेल्यावर: जुनं तूस सगळं बाहेर, शेड धुऊन निर्जंतुक करून काही दिवस रिकामं. हे विषाणू चिवट, साध्या जंतुनाशकाला दाद देत नाहीत.

एक तारा कापला तो दुपारी फोन न उचलण्याबद्दल. पावतीही मागावी लागते.

जाणार असाल तर आजारी पिल्लं जिवंतच न्या. मेलेलं असेल तर बर्फावर ठेवा, गोठवू नका, आणि सकाळीच निघा. उन्हात डिकीत राहिलं तर आतडंच आधी सडतं, मग मॅडम तरी काय बघणार?