सौर पंप: एक खरीप, एक रब्बी आणि एक उन्हाळा वापरून झाल्यावर

आधी पंपाचं सांगते, कारण बहुतेकांना तेच वाचायचं असतं. पाच एचपीचा सबमर्सिबल, विहिरीवर बसवलेला. आमचं रान धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या उताराला. वर मुरूम, खाली काळा पाषाण. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून घेतला. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात असा हिशोब आहे. खुल्या गटाला १० टक्के हिस्सा, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा त्यातच धरलेला.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, की पैसे किती वाचले? वीजबिलाचे काहीच नाहीत. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल २०२४ पासून तसंही सरकारच भरतंय. खरा फायदा वेळेचा आहे. पूर्वी आठवड्याच्या पाळीनं लाईट यायची, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळी आली की हे बॅटरी आणि काठी घेऊन रानात. कुठं साप निघायचा, कुठं रानडुकरं. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की वर्गणी गोळा करा, ती उतरवायला ट्रॅक्टर शोधा. ते सगळं बंद झालं. आता हरभऱ्याला पाणी मीच देते. ऊसतोडीला गेलेल्या घरांत तर मागं राहिलेल्या म्हाताऱ्या सासवासुद्धा दिवसाउजेडी बटण दाबून भिजवण करतात. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही, पण आमच्याकडच्या बायकांना पंप आवडला तो याच कारणानं.

आता पाणी कसं येतं ते. सकाळी आठच्या सुमाराला पाइपातून करंगळीएवढी धार, दहाला बरी, अकरा ते अडीच पूर्ण जोर, चारनंतर पुन्हा उतरती. ठिबक सकाळपासून चालतं, पण तुषारला, म्हणजे फवाऱ्यांना, दाब लागतो, त्यामुळं तुषारचे पाइप अकराच्या आत मांडून तयार ठेवायचे. दुपारच्या जेवणाला घरी गेलात तर दिवसातलं सगळ्यात चांगलं पाणी गेलं समजा. आमच्या घरात जेवणाची वेळच बदलली.

पॅनेल धुणं हे वेगळंच काम आहे. होळीनंतर इकडं फुफाटा उडतो आणि काचेवर पिठासारखा थर बसतो. पहाटे, काच गार असतानाच धुवायचं. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते. आणि विहिरीचं जड पाणी तसंच वाळू दिलं तर पांढरे डाग पडतात, ते नुसत्या फडक्यानं जात नाहीत. मी पावसाचं साठवलेलं पाणी वापरते, लगेच ओल्या सुती कापडानं पुसते. साबण, राख, नारळाची शेंडी अजिबात नको.

दोन गोष्टी खटकतात. श्रावण-भाद्रपदात कधी कधी आभाळ गच्च भरून येतं आणि आठवडाभर थेंब पडत नाही. सोयाबीन शेंगा भरायला आलेलं, पिकाला पाणी हवं, आणि पंप मात्र कण्हत चालतो. शेजारी लाईटवाले रात्री मोटार लावून मोकळे होतात. ज्यांच्याकडं शेततळं आहे त्यांनी ऊन असताना ते भरून घ्यावं, बाकीच्यांनी आभाळाकडं बघत बसावं. दुसरं म्हणजे पावसाळ्यात पॅनेल नुसती उभी असतात. त्यावर कडबाकुट्टी किंवा गिरणी चालावी अशी सोय सगळ्यांना मिळायला पाहिजे. आमच्या कंट्रोलरला, म्हणजे पंप चालवणाऱ्या डब्याला, ती नाही.

दुरुस्तीचं मात्र ऐका. उन्हाळ्यात वळवाच्या आधी वादळ झालं. काहींची पॅनेल सांगाड्यासकट वाकली, काहींचे कंट्रोलर गेले, त्यात आमचाही. पंप बसवणाऱ्या कंपनीच्या नंबरवर फोन केला की 'तुमची तक्रार नोंदवली आहे' एवढं ऐकू यायचं. एकेकट्यानं करून कुणाचंच काम झालं नाही. मग बचत गटातल्या बायका आणि गावातली चार शिकलेली पोरं बसली. एक वही केली: पंपाचा नंबर, बंद पडल्याची तारीख, तक्रार क्रमांक, फोटो. गावातले सगळे बंद पंप एका निवेदनात घातले, तालुक्याला सगळे मिळून गेलो, आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हललो नाही. पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला आणि एकाच फेरीत बहुतेक पंप चालू करून गेला. ज्यांनी वादळाच्या दुसऱ्याच दिवशी पंचनामा करून घेतला होता त्यांचं विम्याचं लवकर मार्गी लागलं, बाकीचे अजून फेऱ्या मारतायत. पंप नवा असताना कुणाला वहीची गरज वाटत नाही. माझं मत, पंप येण्याआधी वही घाला.

राज्यानं एका महिन्यात ४५,९११ सौर पंप बसवून गिनीज विक्रम केला, त्याचा कार्यक्रम आपल्याच संभाजीनगरला झाला. चांगलंच आहे. दुरुस्तीचाही एखादा विक्रम होऊ द्या.

आमच्या भागात बायकांनी असं पुढं होणं नवीन नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं बायकांचे गट बांधले. पुढं त्यांतल्या सखी गावोगाव सौर दिवे, सुधारित चुली पोचवायला लागल्या. २०१६ साली संस्थेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय या पट्ट्यात त्या काळापासूनची.

पण सगळ्यात मोठी अडचण पंप बिघडल्यावर आली नाही, तो नीट चालल्यावर आली. पूर्वी लाईट जायची म्हणून मोटारी आपोआप थांबायच्या. आता ऊन आहे तोवर उपसा. या पाषाणात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत, तेवढंच. ओढ्याकाठच्या विहिरी यंदा माघातच खाली गेल्या आणि पाठोपाठ गावच्या पिण्याच्या विहिरीलाही ओढ लागली. लगेच बोअरच्या गाड्यांची चौकशी सुरू झाली. भूजलाच्या २००९ च्या कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली बोअर घ्यायला बंदी आहे, म्हणजे दोनशे फूट. इकडं पाचशे फुटांपेक्षा कमी कुणी बोलतच नाही.

गटानं मग एक साधं काम सुरू केलं. दर हातावर एक गाठ मारलेली दोरी, टोकाला दगड. दर अमावस्येला काही ठरावीक विहिरींत सोडायची आणि पाणी किती हातांवर लागलं ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूनं लिहायचं. आकडे डोळ्यासमोर आल्यावर भांडणं सुरू झाली, पण निदान आकड्यांवरून झाली. ग्रामसभेत एक आप्पा उठून म्हणाले, "ऊन देवाचं, विहीर माझी, तुम्ही कोण सांगणार?" त्यांचं अगदीच चूक म्हणता येत नाही, विहीर त्यांनी कर्ज काढून खोदली आहे. शेवटी ठराव झाला तो असा: पिण्याच्या विहिरीच्या आसपास नवीन विहीर-बोअर नाही, आणि होळीपासून मृगापर्यंत त्या भागातले पंप दिवसाआड. उसावर बंधन घालायचा मुद्दा मात्र पडला. ज्यांना ऊस लावायचा त्यांनी लावलाच. दिवसाआडचा नियमही सगळे पाळत नाहीत, पण बरेच पाळतात. पाळत नाही तो कोण, हे भिंतीवरून कळतं, एवढी तरी लाज शिल्लक आहे.

सध्या गावात वेगळाच विषय पेटलाय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानावर सौर विजेचा प्रकल्प येणार म्हणतात. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात असा प्रकल्प सुरू झालाय आणि तिथं शेतीला दिवसा वीज मिळते. पंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं, असं अनुदान आहे, त्यामुळं सदस्य खुशीत आहेत. गटात मात्र दोन तट पडलेत. मी प्रकल्पाच्या बाजूची आहे, कारण ज्यांच्याकडं सौर पंप नाही, लाईटचीच मोटार आहे, अशांनाही त्यातून दिवसा वीज मिळाली तर त्यांची रात्रपाळी सुटेल. पण गायरानाच्या वरच्या अंगाला कुसळी-पवन्याचं गवत आहे, हरणं तिथंच चरतात, आणि भूमिहीनांच्या शेळ्या दुसरीकडं जाणार कुठं? खालच्या बाजूला नुसता खडक आहे, तिथं पॅनेल लावा, असं लेखी दिलंय. खाजगी पडीक जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं मिळतं, तेही दोघा-तिघांना सुचवलंय. मोजणीची तारीख अजून आलेली नाही. ती आली की शेळ्यावाल्यांना घेऊनच तिथं हजर राहायचं ठरलंय, आणि वही सोबत असेल.