संत्र्याच्या प्रतवारीसाठी पायटॉर्च: दोन बहारांच्या वापरानंतर

काटोल रस्त्यावर माझ्या एका मित्राचे संत्र्याच्या प्रतवारीचे छोटे केंद्र आहे आणि पायटॉर्च हे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी थराथरांची गणिती रचना, घडवण्याचे पायथॉन भाषेतले साधन मी हाती घेतले ते त्याच्याच कामासाठी. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली तेव्हा कामाला लागलो, आणि मृग बहाराचा शेवटचा माल नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात जाईपर्यंत हे साधन जवळजवळ रोज वापरात होते. काम असे की, कन्व्हेयरवरून सरकणाऱ्या फळाचे छायाचित्र घ्यायचे आणि न्यूरल नेटवर्कने ते फळ चारपैकी एका गटात टाकायचे: स्वच्छ, हिरवी झाक असलेले, लाल्या (सालीवरचे तांबूस डाग) पडलेले आणि कोळशीने काळवंडलेले. चुरी, म्हणजे बारीक फळे, वेगळी काढण्याचे काम आकाराची जाळी आधीच करते, त्यामुळे तो प्रश्न आमच्यापुढे नव्हता. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, प्रोग्रामिंग हा माझा पोटापाण्याचा विषय नाही. हा अनुभव त्या बेताने वाचावा.

बसवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. विंडोजवर पायथॉनची पॅकेजे बसवणारी साधी पिप इन्स्टॉलची आज्ञा दिली, तर केवळ सीपीयूवर चालणारी आवृत्ती उतरते आणि ग्राफिक्स कार्ड नुसते पडून राहते. कार्डासाठीची आवृत्ती हवी असेल, तर पायटॉर्चच्या संकेतस्थळावर आपली प्रणाली निवडून तेथे मिळणारी आज्ञाच वापरावी लागते. ती उतरवायला मोठी असली, तरी कुडाचे (कार्डावर गणिते चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या प्रणालीचे) आवश्यक भाग तिच्यातच येतात. वेगळा असतो तो फक्त ड्रायव्हर. या बाबतीत गूगलच्या टेन्सरफ्लो या अशाच साधनापेक्षा येथे त्रास कमी झाला, कारण टेन्सरफ्लोने थेट विंडोजवर कार्ड वापरण्याची सोय 2.10 या आवृत्तीनंतर बंद केली असून आता त्यासाठी विंडोजच्या आत लिनक्स चालवावे लागते.

आम्ही नेटवर्क कोऱ्या पाटीवर घडवले नाही. टॉर्चव्हिजन या पायटॉर्चच्या चित्रांसाठीच्या जोडसंचात आयते मिळणारे मोबाइलनेट व्ही-2 हे छोटे नेटवर्क घेतले. इमेजनेट या छायाचित्रांच्या मोठ्या संग्रहातील 1000 वर्गांवर ते शिकलेले असते, आणि त्या वर्गांत संत्रेही आहे. त्याचा शेवटचा थर काढून चार उत्तरांचा नवा थर लावला, आधी तेवढाच शिकवला आणि मग खालचे काही थर मोकळे करून शिकण्याचा वेग बराच कमी ठेवून पुन्हा शिकवला. मुळात सुमारे 35 लाख गुणांकांचे (शिकताना बदलणाऱ्या आकड्यांचे) असलेले हे नेटवर्क 6 जीबीच्या कार्डावर आरामात शिकते.

पायटॉर्चचे खरे बळ त्याच्या प्रशिक्षणाच्या फेऱ्यात आहे. हा फेरा आपण स्वतः लिहायचा असतो: छायाचित्रांची एक तुकडी घ्या, नेटवर्कमधून पुढे न्या, लॉस (चुकीचे माप) काढा, बॅकवर्ड म्हणा, गुणांक सुधारणाऱ्या ऑप्टिमायझरला एक पाऊल टाकू द्या. पुढे जाताना केलेल्या प्रत्येक गणिताची नोंद ऑटोग्रॅड हा पायटॉर्चचा भाग ठेवतो आणि त्या नोंदीवरून उलटे येत प्रत्येक गुणांकाचा उतार (तो किंचित बदलला तर लॉस किती बदलेल ते) काढतो. हे सगळे साध्या पायथॉनप्रमाणे ओळीमागून ओळ चालत असल्यामुळे मध्येच कोठेही थांबून एखाद्या थरातून बाहेर पडलेल्या आकड्यांचा आकार छापून पाहता येतो. कोणत्या थरात संख्या फुगल्या आणि कोठे सगळे शून्य झाले, हे विद्यार्थ्यांना पडद्यावर दाखवता आले, आणि फळ्यावर महिनाभर शिकवून जे पोचले नव्हते ते एका दुपारी पोचले.

पण याच मोकळेपणाची दुसरी बाजू रोजच्या वापरात फार जाचते. आकार जुळला नाही, तर पायटॉर्च लगेच ओरडून थांबते. अर्थ जुळला नाही, तर मात्र ते निमूटपणे चालत राहते. वर्गीकरणासाठीच्या क्रॉस एन्ट्रॉपी लॉसला शेवटच्या थराचे कच्चे आकडे हवे असतात. त्याआधी कोणी आकड्यांच्या संभाव्यता करणारे सॉफ्टमॅक्स लावले, तरी चूक दाखवली जात नाही, फक्त शिकणे रेंगाळते. दर तुकडीला झीरो ग्रॅड म्हणून उतार पुसले नाहीत, तर आधीचे उतार नव्यांत मिसळत जातात. तपासणीच्या वेळी मॉडेलला, म्हणजे नेटवर्कला, इव्हॅल (तपासणीच्या) स्थितीत नेले नाही, तर आकडे एका मापात आणणारे बॅचनॉर्मचे थर समोरच्या तुकडीची सरासरी वापरतात, आणि त्यामुळे तेच फळ एकटे दिले तर एक उत्तर, इतर फळांसोबत दिले तर दुसरेच!

रंगावर चालणाऱ्या आमच्या कामात या निमूटपणाचा सर्वांत मोठा धोका कॅमेऱ्यापाशी होता. प्रशिक्षणाच्या वेळी छायाचित्रे पिलो ही पायथॉनची लायब्ररी वाचते, ती लाल, हिरवा, निळा या क्रमाने. कन्व्हेयरवरचा कॅमेरा ओपनसीव्ही या दुसऱ्या लायब्ररीतून येतो आणि ती नेमका उलटा क्रम देते. तो क्रम पालटला नाही, तर नेटवर्कपुढे निळी संत्री जातात, आकार मात्र अगदी बरोबर असतो, आणि उत्तर तर येतच राहते. म्हणून नेटवर्कच्या तोंडाशी आलेले चित्र तेथूनच परत काढून डोळ्यांनी पाहण्याची एक ओळ आमच्या प्रोग्राममध्ये कायमची आहे. टॉर्चव्हिजनच्या नव्या आवृत्त्यांत प्रत्येक आयत्या नेटवर्कसोबत त्याची पूर्वप्रक्रियाही मिळते. सरासरी आणि विचलनाचे आकडे हाताने लिहीत बसण्यापेक्षा तीच वापरावी.

छायाचित्रांत वैविध्य आणण्याच्या सोयींबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. रंग कमीजास्त करणाऱ्या कलरजिटरमध्ये ह्यूला (रंगछटेला) 0.1 ही किंमत बरीच शिकवणीची पाने सहज देऊन टाकतात. तिचा अर्थ रंगचक्रावर दोन्ही बाजूंना 36 अंशांपर्यंत सरकणे. कुत्र्यामांजरांना त्याने काही होत नाही, परंतु पिकलेले संत्रे तेवढे सरकले की पिवळट हिरवे होते, आणि हिरवी झाक हा तर आमचा स्वतंत्र गट! आम्ही ह्यू पूर्ण बंद ठेवला, उजेड थोडा कमीजास्त केला आणि फिरवणे, उलटवणे मनसोक्त केले. ऑक्टोबरातल्या आंबियाच्या सालीवर हिरवेपणा जास्त असतो आणि थंडीनंतर साल रंग धरते, त्यामुळे मृगाचा माल येऊ लागल्यावर नवी छायाचित्रे घालून पुन्हा शिकवावे लागलेच. ते कोणत्याही साधनाने टळले नसते.

साधनाचा कस लागला तो लाल्याच्या गटात. काही स्वच्छ फळे सतत लाल्यात जात होती. केंद्रावर माल निवडणाऱ्या काकांनी एक फळ हातात घेतले, अंगठ्याने घासले आणि म्हणाले, “सर, हा लाल्या नोहोय, माती लागून हाय.” पायटॉर्चमध्ये कोणत्याही थरावर हुक, म्हणजे आपला छोटा कोड, टाकून त्यातून जाणारे आकडे पकडता येतात. शेवटच्या कन्व्होल्यूशन थरावर तसा हुक टाकून नेटवर्क चित्रात कोठे पाहते ते दाखवणारा उष्णता-नकाशा काढला, तर तांबडा ठिपका बरोबर त्या वाळलेल्या चिखलावर पडला होता. मातीच्या फळांची वेगळी छायाचित्रे घालून स्वच्छ गट वाढवला आणि कन्व्हेयरच्या आधीच्या ब्रशची धुलाई सुधारली. खरे सांगायचे तर ब्रशचा उपयोग जास्त झाला.

केरास हे नेटवर्क घडवण्याचे दुसरे साधनही समांतर वापरून पाहिले. फिट म्हटले की सगळा फेरा ते स्वतः चालवते, आणि पहिले चालते नेटवर्क त्यात निम्म्याहून कमी ओळींत उभे राहते. 2023 मध्ये आलेले केरास 3 तर पायटॉर्चच्या पायावरही चालते. ज्याला नेहमीच्या वळणाचे वर्गीकरण करून मोकळे व्हायचे आहे, त्याने तेच घ्यावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. उत्तर चुकल्यावर आत डोकावायचे असेल, तर मात्र पायटॉर्चमध्ये हात लवकर पोचतो.

प्रत्यक्ष केंद्रावर कार्ड नसलेला लहान संगणक आहे. तेथे पायटॉर्च बसवलेच नाही. नेटवर्क ओएनएनएक्स या साधनांमध्ये सामायिक असलेल्या स्वरूपात काढून त्याच्या रनटाइमवर (चालवणाऱ्या प्रोग्रामवर) चालवले. सुमारे 9 एमबीची फाइल, आणि कन्व्हेयरच्या वेगाला ते पुरून उरते. रूपांतरानंतर तीच छायाचित्रे दोन्हीकडे देऊन उत्तरे ताडून पाहणे आवश्यक आहे. साठवताना पूर्ण मॉडेलऐवजी केवळ स्टेट डिक्ट, म्हणजे गुणांकांची यादी, साठवावे. 2.6 या आवृत्तीपासून फाइल उघडणारी टॉर्च लोड ही आज्ञा वेगळे सांगितले नाही तर फक्त गुणांकच उघडते, त्यामुळे जुने प्रोग्राम अडतात. पण परक्या फाइलमधून वाटेल तो कोड चालण्याची जुनी भीती पाहता हा बदल योग्यच झाला.

विंडोजवरची एक किरकोळ कटकट शेवटपर्यंत राहिली. छायाचित्रे पुरवणाऱ्या डेटालोडरला जास्त कामगार (समांतर प्रक्रिया) दिले आणि प्रोग्रामचा मुख्य भाग पायथॉनच्या मेनच्या अटीत ठेवला नाही, तर प्रोग्राम स्वतःलाच पुन्हा पुन्हा सुरू करू पाहतो आणि चूक दाखवून पडतो. नोटबुकमध्ये तर कित्येकदा तो नुसता गोठतो. लिनक्सवर हा त्रास झाला नाही. नवे यंत्र घेणाऱ्याने कार्डाच्या वेगाआधी त्याची मेमरी पाहावी आणि थंडाव्याची सोय पाहावी, कारण नागपुरात एप्रिलच्या दुपारी कूलरशिवायच्या खोलीत लॅपटॉपमधले कार्ड तापून आपला वेग स्वतःच उतरवते, आणि सकाळी लवकर उरकणारे प्रशिक्षण संध्याकाळपर्यंत लांबते.