धूर टाकणारा स्वस्त ट्रक की चालू इंजिनाचा महाग?

उसाचा हंगाम जवळ आला की कोल्हापुरात जुन्या ट्रकांची चौकशी वाढते. बहुतेकदा निवड दोनांतच असते: स्वस्त पण इंजिनचं काम असलेला, किंवा महाग पण चालू.

स्वस्तातल्याचा धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरचे लायनर नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलेत. त्यासाठीचं बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत होऊन जातं. काळा धूर बऱ्याचदा नोझल किंवा चोकलेल्या एअर फिल्टरवर निभावतो. पण रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर गॅस्केट, ऑइल कूलर की ब्लॉकला चीर, हे खोलल्याशिवाय कळत नाही. तिथं मी तरी हात घालणार नाही. आणि इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लावा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवतोय, असं समजून घ्या.

महागातला पहिल्या दिवसापासून भाडं मारतो. फक्त फिटनेस सर्टिफिकेट (आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी) आणि आरसीवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, कर्जाचा बोजा तपासा.

हातात दोन महिने आणि ओळखीचा मिस्त्री असेल तर निळ्या धुराचा घ्या, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून. कारखान्याशी वाहतुकीचा करार झालाय? मग चालूच.