गोठ्याच्या गॅरेजात एक पावसाळा: रॅक, पेगबोर्ड आणि गंज

आमचं घर गुहागरात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. गुरं गेल्यापासून गोठा रिकामाच होता, त्याला कोबा करून गॅरेज केलं. 10 बाय 14 फुटांची जागा. त्यात स्कूटर, ग्रास कटर, आंब्याचे झेले, पहार, टिकाव, घमेली आणि माझ्या ड्रिल-ग्राइंडरचा संसार. गेल्या डिसेंबरात पाच खणांची लोखंडी अँगल रॅक, स्टीलचा पेगबोर्ड (हत्यारं टांगायचा भोकाभोकांचा फळा), चुंबकपट्टी आणि झाकणाचे प्लास्टिकचे डबे ऑनलाइन मागवले. मे महिन्यात लिहिलं असतं तर सगळ्याला पाचपैकी पाच तारे दिले असते. आता दिवाळी झाली, पाऊस सरला, म्हणून लिहितोय.

आधी भिंतीचं सांगतो. व्हिडिओतल्या भिंती विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या, आमची चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिऱ्यात 8 मिमीचं भोक पाडायला जावं तर ते 10चं होतं आणि प्लग आत गरगर फिरतो. पेगबोर्ड तिसऱ्या रात्री हातोड्यांसकट स्कूटरच्या सीटवर आला. मग भोकं मोठी केली, सिमेंट कालवून भरलं, त्यात लांब अँकर बसवले आणि चार दिवस हात लावला नाही. त्यांवर फणसाच्या दोन उभ्या पट्ट्या, पट्ट्यांवर बोर्ड. पट्ट्यांमुळे बोर्डामागे इंचभर जागा सुटली. तेव्हा ती नाईलाजाने सुटली होती, पण पुढे तीच कामाला आली.

कारण जूनमध्ये खरी परीक्षा. हवेतला ओलावा साधारण 60 टक्क्यांच्या वर गेला की लोखंड झपाट्याने गंजू लागतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात तो त्याच्या खाली येतो कुठे! त्यात खारं वारं. हत्यारावर बसलेलं मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढतं. पेगबोर्डावर उघडी टांगलेली करवत, कानस, कोयता अगदीच थोडे तांबारले, कारण मागूनपुढून वारा खेळत होता. पण मी जिवापाड जपलेले पाने (स्पॅनर) आणि पक्कड झाकणाच्या डब्यात होते. गणपतीत डबा उघडला तर पान्यांवर लाल पूड! डबा बंद दिसतो, पण हवाबंद नसतो. ओल आत शिरते आणि तिथेच बसते. मला विचाराल तर अर्धवट बंद डब्यापेक्षा उघडी खुंटी शंभर पटीने बरी.

आता पाने रबरी कडेच्या, क्लिपांच्या डब्यात आहेत, सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर परततो, पुन्हा निळे होतात. तो तवा मात्र कायमचा गॅरेजातच, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. कोयत्याला आजोबा खोबरेल लावून तो चुलीवरच्या माळ्याला अडकवत. धुराने तो सुकाच राहायचा. मीही खोबरेल लावून पाहिलं, तर मुंग्यांची रांग लागली. त्यापेक्षा गोड्या पाण्याने धुवा, उन्हात सुकवा आणि मशीन ऑइलचं फडकं फिरवा.

रॅक दणकट आहे, तक्रार तिच्या पायांची. खाली प्लास्टिकच्या टोप्या येतात. पागोळ्यांचं पाणी आत आलं की त्यांत साचतं आणि अँगलची कापलेली कड, जिथे पावडर कोटिंग नसतंच, तिथून कुजायला लागते. टोप्या फेकल्या, कडांना रेड ऑक्साइड मारलं आणि पाय चिऱ्याच्या तुकड्यांवर उचलून ठेवले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

चुंबकपट्टीचे पैसे वाया. ग्राइंडरचा लोखंडी कीस तिलाच येऊन चिकटतो आणि पटाशी जिथे पट्टीला टेकते तिथे बरोबर तेवढीच गंजाची रेघ उमटते. काढून फ्रिजवर लावली, आईला आवडली.

प्लास्टिकचे पारदर्शक ड्रॉवर तेवढे पैसा वसूल: स्क्रू, वॉशर, नळाचे टेफ्लॉन, सगळं बाहेरून दिसतं. फक्त उंदरांनी एकाचा कोपरा कुरतडला, तो डबा आता आमसुलांना गेलाय. रॅकचा सर्वांत खालचा खणही माझ्या हातून गेला. तिथे असोले नारळ आहेत, आणि ते हलवायचा विषय घरात काढायचा नाही असं ठरलंय.