बुडापेस्टमधली दोन कॉकटेल आणि अडतीस हजार रुपये

मागच्या सप्टेंबरात कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे हंगेरीत ग्योरला होतो. दुसऱ्या शनिवारी सुट्टी मिळाली, तशी सकाळची गाडी पकडली आणि दीडेक तासात बुडापेस्टच्या केलेती स्टेशनावर उतरलो. दिवस फार छान गेला. डॅन्यूबच्या काठाने चाललो, साखळी पूल ओलांडून किल्ल्यावर जाऊन आलो. संध्याकाळी मला तिथले प्रसिद्ध रुइन पब बघायचे होते. जुन्या ज्यू वस्तीतल्या ओस पडलेल्या, पडक्या इमारतींमध्ये हे बार थाटलेत. त्यातला सगळ्यात नावाजलेला सिंप्ला केर्ट २००२ मध्ये सुरू झाला आणि २००४ पासून कॉझिंत्सी रस्त्यावर आहे. अशा ठिकाणी बरं कॉकटेल तेव्हा साधारण अडीच ते चार हजार फोरिंटला मिळायचं. तेव्हाच्या हिशेबाने रुपयाला चार-सव्वाचार फोरिंट धरले तर सहाशे ते साडेनऊशे रुपये. हा आकडा लक्षात ठेवा.

मी तिथवर पोचलोच नाही.

आठच्या सुमारास वात्सी उत्सावरून चाललो होतो. हा पर्यटकांनी गजबजलेला, फक्त पायी चालायचा रस्ता. पंचविशी-तिशीतल्या दोघींनी मला थांबवून एका चौकाचा पत्ता विचारला. मी परका आहे म्हटल्यावर हसल्या. आम्हीही डेब्रेत्सेनहून आलोय, आज हिचा वाढदिवस आहे, म्हणाल्या. पाचेक मिनिटं छान गप्पा झाल्या. भारताबद्दल, माझ्या कामाबद्दल विचारलं. दोन आठवडे कामापलीकडे कुणी माझ्याशी एक शब्द बोललं नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मी कॉझिंत्सीला निघालोय म्हटल्यावर एक म्हणाली, तिथे आज रांगा असतील, जवळच एक शांत जागा आहे, कॉकटेल उत्तम मिळतं.

फसवणूक इथेच पूर्ण झाली होती. पुढचं सगळं नुसतं वसुलीचं काम होतं. जागा त्यांनी निवडली, मी मागोमाग गेलो.

बाजूच्या गल्लीत तळघरात उतरणारा जिना. लाल दिवे, सोफे, दोन-तीन टेबलं, बाकी सगळं रिकामं. शनिवारी रात्री, भर शहरात, एवढ्या चांगल्या म्हणवणाऱ्या बारमध्ये गिऱ्हाईक का नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. वेटरने पेयांची यादी दिली नाही, मीही मागितली नाही. त्या हंगेरियनमध्ये ऑर्डर देत होत्या. मी पालिंका, म्हणजे तिथली फळांची ब्रँडी, घातलेलं एक कॉकटेल घेतलं, नंतर अजून एक. त्यांचे छोटे ग्लास भराभर रिकामे होत होते, आणि वाढदिवस म्हणून शॅम्पेनची एक लहानशी बाटलीही आली.

पाऊण तासाने बिल आलं, १,५३,२९५ फोरिंट. माझी दोन कॉकटेल ११,८००. त्यांचे पाच ग्लास, प्रत्येकी १९,५०० प्रमाणे ९७,५००. शॅम्पेन २४,०००. वर पंधरा टक्के सर्व्हिस चार्ज. यादी तेव्हा कुठे टेबलावर आली, आणि तिच्या शेवटच्या पानावर 'लेडीज कॉकटेल'चा भाव खरोखरच छापलेला होता. दोघींनी पर्स उघडून थोड्या नोटा पुढे केल्या आणि मान खाली घातली. दाराशी दोन धिप्पाड माणसं येऊन उभी राहिली. कुणी हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. एकजण एवढंच म्हणाला, रोख नसेल तर एटीएमपर्यंत सोबत येतो. मी कार्ड मशीनमध्ये घातलं आणि पिन दाबला.

त्या क्षणी मी ११२ लावायला हवा होता. युरोपीय संघात सगळीकडे हाच आपत्कालीन क्रमांक आहे आणि फोन माझ्या खिशातच होता. पण परका देश, तळघर, आणि मनात एकच विचार, हे घरी कळलं तर काय? ही मंडळी याच विचारावर पोट भरतात.

परकीय चलनाचं शुल्क धरून खात्यातून जवळजवळ अडतीस हजार गेले. सोमवारी बँकेकडे तक्रार केली. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मला माहीत होता. पण तो आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होता. मी स्वतः पिन घातला होता, म्हणजे व्यवहार माझाच ठरला.

मग वाचायला लागलो तेव्हा समजलं की हा प्रकार तिथे फार जुना आहे. बुडापेस्टमधल्या अमेरिकी दूतावासाने तर टाळायच्या बारची नावंच आपल्या नागरिकांसाठी प्रसिद्ध केली होती. इस्तंबूलला, रिगालाही हेच चालतं. शहरावर माझा राग नाही. पुढच्या रविवारी सिंप्लाला गेलो, भिंतीवरची यादी वाचली, काउंटरवर पैसे देऊन एक ग्लास घेतला आणि निवांत बसलो.

तुम्ही जाणार असाल तर रस्त्यात भेटलेल्या माणसाने सुचवलेल्या बारमध्ये पाऊल टाकू नका, माणूस कितीही गोड बोलला तरी. सोबत जायचंच असेल तर जागा तुम्ही सुचवा. ते कारणं सांगून टाळायला लागले की काय ते समजा. भाव छापलेली यादी हातात आल्याशिवाय पाणीसुद्धा मागवू नका. कार्डावरची परदेशी व्यवहारांची मर्यादा बँकेच्या अ‍ॅपमधून दोन मिनिटांत कमी करता येते. माझी पाच लाखांवर होती, का ते मलाही सांगता येणार नाही.

बायकोला सांगायला मला दोन महिने लागले. ती म्हणाली, "पैसे गेले ते गेले, पण इतके दिवस एकटाच का कुढत बसलास?" त्या आठवड्यात धीर करून ऑफिसमध्येही बोललो. आमचे एक ज्येष्ठ सहकारी बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, २०१८ मध्ये माझ्याबाबतीत हेच झालं, त्याच रस्त्यावर. मी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनीच मला जवळ बसवून जॅकेट कुठलं न्यायचं, कुठला अ‍ॅडॉप्टर लागतो, मेट्रोचं तिकीट पंच करायला विसरायचं नाही, सगळं समजावलं होतं. एवढं एकच सांगितलं नव्हतं.